दार, दरवाजा आणि दिंडी

इंदूर शहराच्या मध्यभागी होळकरांचा राजवाडा उभा आहे. त्याच्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे. परगावाहून आलेला मनुष्य तेथे थांबून ज्या सात मजली इमारतीकडे मान उंचावून पाहतो, ती वस्तुतः राजवाड्याचा दरवाजा आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि तळाशी लोखंडी खिळ्यांनी मढविलेले प्रचंड लाकडी कवाड. वाडा मोठा असावा आणि त्याला शोभेसा दरवाजा असावा, हा सामान्य क्रम झाला. येथे दरवाजाच मोठा आहे आणि वाडा त्याच्यामागे आहे.

या गोष्टीचे रहस्य थोडेसे भाषेच्या इतिहासात सापडते. संस्कृतातील ‘द्वार’, त्यावरून आलेले मराठी ‘दार’, फारसीतील ‘दर’ आणि इंग्रजीतील ‘डोअर’ हे सारे शब्द एकाच प्राचीन कुळातले आहेत. तेव्हा मराठी मनुष्य जेव्हा ‘दार’ म्हणतो आणि ‘दरवाजा’ही म्हणतो, तेव्हा तो एकाच घराण्यातल्या दोन भावांना हाक मारीत असतो. एक भाऊ घरीच राहिला, दुसरा इराणात वाढून मुसलमानी राजवटीबरोबर परत आला. लॅटिन भाषेत या कुळातला शब्द ‘फोरिस’ असा झाला. दाराबाहेरचा तो परका, या अर्थाने त्यातूनच पुढे इंग्रजीतील ‘फॉरेन’ हा शब्द निघाला. परदेशी वस्तूंचे कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवण्यास हरकत नाही.

घरी राहिलेला भाऊ घरगुतीच राहिला. माजघराला दार असते, दरवाजा नसतो. किल्ल्याला दरवाजा असतो. त्याला दार म्हटले तर किल्ल्याची शान जाते. गावाला वेस असते, आणि म्हणून घरातले भांडण चव्हाट्यावर आले की अब्रू वेशीला टांगली जाते. रेल्वेच्या रुळांवर असते ते फाटक. ‘कवाड’ हा शब्द संस्कृत ‘कपाट’वरून आला. हिंदीत त्याचाच ‘किवाड’ झाला, आणि मूळ ‘कपाट’ मात्र मराठीत भांडीकुंडी व कपडे ठेवण्याच्या कामी लागले. राजस्थानात दरवाजाला ‘पोल’ म्हणतात, तो संस्कृत ‘प्रतोली’चा वंशज. गुजरातेत अहमदाबादेला गेला तर हाच शब्द दरवाजा ओलांडून आत शिरला आणि दरवाजामागच्या सबंध वस्तीला ‘पोळ’ हे नाव पडले.

दरवाजाचे नाव त्याच्या मागे जे आहे त्याला पडावे, ही गोष्ट राज्यकारभारातही घडली. संस्कृतात ‘राजद्वार’ म्हटले की केवळ लाकडी फळ्या अभिप्रेत नसत; राजाची सत्ता अभिप्रेत असे. फारसी ‘दरबार’ या शब्दाच्या आरंभीही तोच ‘दर’ बसला आहे. तुर्की सुलतानाच्या सरकारला तर युरोपातील मुत्सद्दी सरळ ‘उच्च दरवाजा’ म्हणत आणि त्या दरवाजाशी तहनामे करीत. सामान्य प्रजेने राजा कधी पाहिलेलाच नसे. तिने पाहिलेला असे तो दरवाजा, त्यावरचा नगारखाना आणि आतल्या देवडीवर बसलेला पहारा. तिच्या दृष्टीने राज्य म्हणजे एवढेच.

पेशव्यांनी हे ओळखले होते. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. त्याच्या मुख्य दरवाजाचे तोंड उत्तरेकडे, आणि नाव दिल्ली दरवाजा! दुसऱ्या एका दरवाजाला खिडकी दरवाजा म्हणत; ‘खिडकी’ या शब्दाचा लहान किंवा मागचे दार असाही जुना अर्थ आहे. पेशव्यांचे सरदार मल्हारराव होळकर माळव्यात स्थिरावले, आणि त्यांच्याबरोबर मराठी भाषा व तिचा हा शब्दपरिवारही नर्मदा ओलांडून आला. इंदूरच्या राजवाड्याचे काम १७४७ च्या सुमारास सुरू झाले असे मानतात. १८०१ साली शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले आणि वाडा जाळला. मंदसोरच्या १८१८ च्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले, व वाडा पुन्हा उभा राहिला. १९०८ मध्ये आगीने त्याचे नुकसान केले. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीत तो पुन्हा पेटला. या वेळी मागचा भाग भस्मसात झाला. दर्शनी दरवाजा तेवढा वाचला. मागचा भाग पुढे पुन्हा बांधण्यात आला, परंतु जे जुने म्हणून दाखविता येते ते दरवाजाच.

होळकरांच्याच लालबाग राजवाड्याला लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या नमुन्यावर घडविलेले बिडाचे फाटक आहे. ते इंग्लंडात ओतवून जहाजाने मुंबईस आणले होते. ते भव्य आहे खरे. पण त्याला देवडी नाही, दिंडी नाही. बाहेरचा मनुष्य त्याच्या गजांतून आत पाहू शकतो, आणि तेवढ्यावर त्याला समाधान मानावे लागते.

दिंडी म्हणजे मोठ्या कवाडात ठेवलेले छोटे दार. रात्री महादरवाजा बंद झाला की एका वेळी एकाच माणसाने, तेही मान लववून, दिंडीतून जायचे. शत्रूला मान लववून आत शिरणे परवडत नाही, ही त्यातली युक्ती. वारकऱ्यांच्या मेळ्यालाही दिंडीच म्हणतात, हा उच्चाराचा योगायोग असो वा आणखी काही असो. पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, दाराच्या बाहेर, चोखामेळ्याची समाधी आहे. देवाचा हा थोर भक्त जन्मभर दाराबाहेर राहिला. मंगळवेढ्यास कोसळलेल्या भिंतीखाली त्याचा अंत झाला आणि त्याच्या अस्थीही दाराबाहेरच विसावल्या.

मराठीत ‘दार लावणे’ म्हणजे बंद करणे, आणि ‘दिवा लावणे’ म्हणजे पेटविणे. दार लोटता येते, ओढून घेता येते. जाता जाता ‘दार पुढे कर’ असे सांगणाऱ्याला ते मागे सारायचे नसते, नुसते टेकवायचे असते. कडी घालणे हा वेगळा प्रकार, आणि आगळ घालणे त्याहून वेगळा. आगळ घातली म्हणजे बाहेर कोणीतरी आहे आणि त्याला आत घ्यायचे नाही, असे ठरलेले असते.

इंदुरापासून जवळच असलेल्या महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा देवळाचे दरवाजे बंद करण्यात आले आणि स्त्रीपुरुष सत्याग्रही त्या बंद दारांपुढे बसून राहिले. पुढे काही वर्षे तो लढा चालला. दार उघडले नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाचे महाद्वार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी उपोषण आरंभिले. त्याच महिन्यात ते खुले करण्याचा निर्णय झाला. चोखोबाच्या समाधीपासून त्या दारापर्यंतचे अंतर काही पावलांचेच आहे.