शिष्यवृत्ती, फ्रीशिप आणि बडोद्याचा करार

दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह आपण पुस्तकांसाठी बांधलेले घर म्हणून ओळखतो. ते बांधणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचा खर्च कोणी आणि कोणत्या अटींवर केला, हे मात्र आपल्या भाषणांत ‘सयाजीरावांनी मदत केली’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. आमचे म्हणणे असे, की बारावीच्या मुलामुलींना त्या मदतीच्या अटीच समजावून सांगाव्यात. प्रवेशाच्या फॉर्मवरचे निम्मे शब्द तिथेच कळतात.

एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए. करताना भीमरावांना बडोदा संस्थानकडून महिना 25 रुपये मिळत. परदेशी शिक्षणाचा करार 4 जून 1913 रोजी झाला. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. आजच्या भाषेत हा बॉन्ड. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा राहिला होता. 1917 मध्ये परतावे लागले. करार पाळायला बडोद्यात रुजू झाले, तर कोलंबियाहून आलेल्या या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. पुढे लंडनचे शिक्षण पुरे केले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराच्या बचतीवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजारांच्या कर्जावर. शिष्यवृत्ती, बॉन्ड, बचत, देणगी, कर्ज: फी भरण्याचे सगळे मार्ग एकाच विद्यार्थ्याने चालून पाहिले.

सयाजीराव आणि शाहू महाराज यांचे ऋण आम्ही मानतोच. पण राजा उदार असला तरी ती एका राजाची मर्जी. प्रत्येक वस्तीला सयाजीराव कुठून मिळणार?

हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः सोडवला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन लॉर्ड लिनलिथगोंना दिले. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार दरवर्षी प्रत्येकी तीन लाखांचे अनुदान देत होते. मग आमच्या मुलांच्या शिक्षणासाठी काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सरकारला तीन लाख मंजूर करावे लागले, आणि 1944 पासून केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे बॉन्डविना, कुणाच्या शिफारशीविना, सरकारी तिजोरीतून. 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडले तेव्हा सकाळचे वर्ग ठेवले, कारण नोकरी करून शिकणाऱ्यालाही कॉलेज हवे होते. म्हणून ‘सवलत’ हा शब्द आम्हाला खटकतो. सवलत दुकानदार देतो.

आता आजचा फॉर्म. महाडीबीटीवर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासमोर दोन नावे येतात आणि इथेच गोंधळ होतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता. उत्पन्न त्यापुढे असेल तर फ्रीशिप: शिक्षण व परीक्षा शुल्क माफ, भत्ता नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश कॅप फेरीतून घेतला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर दोन्हीवर पाणी. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा दलाल हे सांगत नाही. सरकारी वसतिगृहात नंबर न लागल्यास स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी तिची रक्कम वर्षाला 60 हजार ठरलेली आहे. नॉन-क्रिमीलेअर दाखला अनुसूचित जातीला लागत नाही, तो ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी. (2024 च्या उपवर्गीकरणाच्या निकालात काही न्यायमूर्तींनी आपल्यालाही क्रिमीलेअर सुचवला आहे. लक्ष असू द्या.)

सर्वांत जास्त इतिहास जातीच्या रकान्यात दडला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला आपल्या आजोबांनी धम्म स्वीकारला. केंद्राच्या लेखी मात्र बौद्ध झालेला अनुसूचित जातीत उरला नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला 1990 साल उजाडले. ती 34 वर्षे आजही घराघरांतल्या कागदांवर दिसतात. शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसते ‘बौद्ध’ लिहिलेले असते, आणि जातीचा दाखला काढताना मूळ अनुसूचित जात दाखवणारा, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा कागद मागितला जातो. गिरणीत राबायला आलेल्या आजोबांचा तो कागद दादरला नाही, गावच्या शाळेच्या रजिस्टरात असतो. मे महिन्यात गावी जाल तेव्हा त्याची नक्कल काढून आणा. जातवैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो. निकालानंतर धावणाऱ्याची जागा अनेकदा त्याच कागदावाचून जाते.

6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. त्यांत एखादे टेबल एवढ्याच कामाचे असावे: दोन जण, कोरे नमुने आणि वर लिहिलेल्या शब्दांचा एक कागद. आपापल्या मंडळात हे ठरवायला वेळ आहे. दहावी-बारावीची मुले त्या दिवशी तिथे आईवडिलांबरोबर रांगेत असतातच.