धुरी, वेखंड आणि डास

बाळंतिणीच्या खोलीत सकाळी शेगडी पेटली की घरभर एक वास पसरायचा. निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची टरफले, थोडा ऊद, कधी कडुनिंबाचा वाळलेला पाला. न्हाऊ घातलेले बाळ त्या धुरावरून दोन-तीन वेळा फिरवायचे आणि मग त्याच्या अंगाला वेखंडाची पूड लावायची. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हे न पाहिलेले वडीलधारे माणूस विरळाच. शेजारच्या कानडी घरातही हाच प्रकार. तिथे वेखंड म्हणजे 'बजे' आणि कडुनिंब म्हणजे 'बेवु', एवढाच फरक. हे कशासाठी, असे आजीला विचारले तर ती म्हणायची, ''डास-चिलटं लागू नयेत म्हणून.'' आणि लगेच पुढे, ''दृष्टही लागत नाही.'' दोन्ही कारणे तिच्या लेखी सारख्याच वजनाची होती.

जुने ग्रंथ चाळले तर आजीचे हे दुसरे कारणच अधिक जुने दिसते. सुश्रुताने जखमी रोग्याच्या खोलीत मोहरी, निंबाची पाने, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोनदा, दहा दिवस करायला सांगितला आहे. तो प्रामुख्याने राक्षस-पिशाच्चांपासून रक्षण म्हणून. बालरोगांचा जुना ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. नेपाळात मिळालेल्या हस्तलिखितावरून ती १९३८ साली छापली गेली. तिच्यात धुपांवर एक स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातही मुलाला पछाडणाऱ्या ग्रहांची धास्ती आहेच. ताप डासामुळे येतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पण अदृश्य शत्रूला धुराने हाकलताना दिसणारा शत्रूही हलत असणार, आणि पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ते पाहिले असणार. कारण चुकीचे असले तरी कृती टिकली, ती बहुधा यामुळेच.

आपल्या भागातल्या या वनस्पतींची पहिली छापील नोंद एका परक्या वैद्याने केली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला आणि हयातभर तिथेच राहिला. १५६३ साली गोव्यातच त्याचा भारतीय औषधींवरचा संवादरूप ग्रंथ छापला गेला. त्यात वेखंडाची नावे देताना गुजरातेतले 'वाज', दख्खनमधले 'बाचे' आणि कोंकणातले 'वैकां' अशी तो नोंदवतो. 'वैकां' म्हणजे आपले वेखंडच, आणि 'बाचे' वाचताना कानडी 'बजे' आठवल्याशिवाय राहत नाही. एका मुळीला तीन मुलुखांत तीन नावे, आणि तीही चारशे साठ वर्षांपूर्वी! निंबावरही त्याचा एक संवाद आहे. घाटावर आपल्या घोड्यांच्या पाठीवरच्या जखमा निंबाची पाने वाटून, लिंबाच्या रसात कालवून लावल्याने बऱ्या झाल्या, असे तो सांगतो. या भल्या माणसाची हाडे त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने उकरून जाळली. का, तर तो मनाने यहुदीच राहिला होता. ग्रंथ मात्र युरोपभर वाचला गेला.

आजीच्या पहिल्या कारणाला आधार मिळायला १८९७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. हुसेन खान नावाचा तापाचा रोगी त्यांनी डासांना चावू दिला होता आणि दर डासामागे त्याला एक आणा दिला होता. इतिहासात रॉस यांचे नाव मोठे झाले. हुसेन खानाचे कुणी घेत नाही; पण आण्याचा हिशेब नोंदून ठेवण्याइतका तो महत्त्वाचा माणूस होता.

त्यानंतर धुरीचे दिवस भरत आले. १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्याचा मोठा प्रयोग झाला. ज्या मलनाडात हिवतापाने वस्त्याच्या वस्त्या खंगल्या होत्या तिथे ताप झपाट्याने उतरला. १९५३ साली देशभर राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याला हा अनुभव कामी आला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलेली ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत यायला हवी होती. पुढे डास त्या औषधाला सरावले आणि १९७६ च्या सुमारास हिवताप पुन्हा लाखांनी वाढला, तेव्हा लोकांना पुन्हा कडुनिंब आठवला.

कडुनिंबाचे दिवस खरे पालटले ते नव्वदीत. १९९३ साली दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी खोबरेल तेलात दोन टक्के निंबतेल मिसळून अंगाला लावले, तर हिवतापाचे डास रात्रभर दूर राहतात, असे प्रसिद्ध केले. पुढच्या काही चाचण्यांत इतका टिकाऊ परिणाम दिसला नाही. पण दिशा खरी होती. याच दशकात निंबतेलावर युरोपात आणि हळदीवर अमेरिकेत पेटंटे दिली गेली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९७ साली रद्द झाले. ती लढाई लढणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे. पुराव्यात जुने ग्रंथ होते, तसाच १९५३ सालचा एक शास्त्रीय लेखही होता. निंबतेलाच्या पेटंटाचा निकाल लागायला मात्र २००५ साल उजाडले.

अभिमान बाळगावा, पण आजीच्या बटव्यातले सगळेच निर्धोक नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. निंबतेल तान्ह्या मुलांना पाजल्याने त्यांना झटके आल्याचे, जीव गेल्याचेही प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले आहेत. वेखंडात असलेल्या एका द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ पासून ते खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली आहे. घुटीत उगाळून चाटवण्याच्या रिवाजावर म्हणूनच विचार करायला हवा. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला फेफरे येऊ शकते. आणि धुरी? ती डासांना जशी झोंबते तशीच बाळाच्या फुप्फुसांनाही. बंद खोलीत बाळ धुरावर धरणे आता सोडावे, असे माझे मत आहे. पाळण्यावरच्या मच्छरदाणीला तोड नाही. चावलेल्या जागी साबण-पाणी, गार फडके आणि मुलाची कापलेली नखे एवढे बहुतेक वेळा पुरते. गांधीलमाशीच्या दंशावर चुना लावण्याची रीत आहे. तो कोवळ्या कातडीला भाजतो.

डासाखेरीज आपल्या रानात आणखी एक शत्रू आहे. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि गोचिडांमार्फत पसरणारा एक नवा ताप सापडला. तोच पुढे २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गात काजूच्या बागांत जाणाऱ्यांना गाठू लागला. त्यावर अंगाला चोळायला कर्नाटकात 'डेपा' नावाचे तेल वाटले जाते. ते शोधले ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने, आणि त्या प्रयोगशाळेची सुरुवात शिंद्यांच्या ग्वाल्हेरात जिवाजीरावांच्या नावाने झाली होती. काजूच्या हंगामात रानातून परतलेल्या पोरांचे कान, काखा आणि केसांची मुळे आई संध्याकाळी चाचपून पाहते. गोचीड दिसली तर जळती काडी किंवा रॉकेल न लावता चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढायची आणि ती जागा साबणाने धुवायची. पुढच्या दहा-बारा दिवसांत ताप भरला, तर रानात गेल्याचे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचे.