पुढचा भाग पुढच्या आठवड्यात

आजचा भाग जरा छोटा आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या फजितीपासून.

आम्ही दहा-बारा जण दर महिन्याला एक जुनी कादंबरी वाचतो आणि शेवटच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो. मध्ये पाळी आली हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची. मी ती शेवटच्या चार रात्रींत उरकली, रिलीजच्या आदल्या रात्री कोड उरकतात तशी. कॉलवर एक मैत्रीण म्हणाली, "यमूचं केशवपन होतं ना, त्यानंतर मी आठवडाभर पुस्तक उघडलंच नाही." मी गप्प. ते प्रकरण मी चहा गार व्हायच्या आत पार केलं होतं.

मग शोधत बसलो की पहिल्या वाचकांनी ही कादंबरी वाचली कशी. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि यमूची गोष्ट त्यात क्रमशः छापली. पुस्तक आलं १८९३ च्या सुमारास. म्हणजे चार रात्रींत संपवायची सोयच नव्हती! इंग्लंडात डिकन्सने १८३६ पासून 'पिकविक पेपर्स' असंच महिन्या-महिन्याच्या हप्त्यांनी दिलं होतं. पण तिथे वाचक हसायला थांबलेला असायचा. इथे यमू लहानपणापासून स्वतःच स्वतःची हकिगत सांगतेय, आणि पुढे काय होणार याचा अंदाज पुण्यातल्या प्रत्येक घराला होता.

आणि वेळ बघा कुठली. त्याच दिवसांत संमतीवयाच्या कायद्यावरून रान पेटलेलं. मुलीचं संमतीवय १० वरून १२ करायचं, एवढीच गोष्ट. टिळकांचा सरकारी कायद्याला विरोध, आगरकर 'सुधारका'तून कायद्याच्या बाजूने. कायदा १८९१ मध्ये झाला. वर्तमानपत्रांत मुलींच्या वयावर पुरुष भांडतायत आणि 'करमणुकी'त एक मुलगी बोलतेय, तीही एका पुरुषाच्या लेखणीतून, हे खरंय. (यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला.) त्या काळी बहुतेक बायकांना वाचताच येत नव्हतं. यमूची गोष्ट यमूसारखीपर्यंत पोचायची, तर घरात कुणीतरी ती मोठ्याने वाचायला हवी.

हे डोक्यात बसलं. म्हणून आता दर गुरुवारी आजीला फोन लावतो आणि थोडी थोडी वाचून दाखवतो. तिने लहानपणी घरात एक आलवण नेसलेली आत्या पाहिलीय. त्या आत्याबद्दल ती आजवर कधी बोलली नव्हती. परवा दुर्गीचं नाव आलं आणि मधेच सुरू झाली. मी पुस्तक तसंच उघडं ठेवून ऐकत राहिलो.

ग्रुपचा नियमही बदललाय : आठवड्याला ठरलेली प्रकरणं, पुढे पळायचं नाही. मी मात्र अजून मागेच आहे. गेल्या गुरुवारी यमूच्या नवऱ्याच्या आजारपणापाशी आलो, तर आजी म्हणाली, "आज इथंच थांब रे."