दगडावरचा आकडा

थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा.

काल २६ जुलै, कारगिल विजय दिवस. दोन शाळा, एक कॉलेज आणि तालुक्याचं स्मारक असे चार कार्यक्रम कव्हर केले. रात्री बातमी लिहायला बसलो आणि लक्षात आलं की गेल्या वर्षीची फाइल उघडून पाहुण्यांची नावं बदलली तरी भागेल. 'मान्यवरांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण', 'उपस्थितांचे डोळे पाणावले'. खरं सांगू का, डोळे पाणावलेली एकच बाई होती. पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर. सत्कार झाल्यावर हातातला नारळ आणि शाल घेऊन खाली कसं उतरायचं हे तिला कळेना, कारण स्टेजवर फोटोसाठी गर्दी झाली होती. ते काही बातमीत आलं नाही.

हे दिवस पाळू नयेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. सातारा जिल्ह्यात राहून तसं म्हणायची माझी छातीही नाही. इथे एकेका गल्लीत दोन-चार माजी सैनिक निघतात. अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' लावतं. पण वीस वर्षं हे कार्यक्रम बघून मनात एक खडा राहिलाय. कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले, त्यांचा दिवस आहे. १९७१ ला ९३ हजार पाकिस्तानी सैनिक शरण आले, त्याचा १६ डिसेंबर आहे. १९६२ चा दिवस कोणता? रेझांग ला इथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतान सिंग आणि त्यांची जवळजवळ अख्खी कंपनी बर्फात संपली. शाळेत कधी कार्यक्रम बघितलाय? १९८७ ते ९० मध्ये श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलेले सुमारे १,२०० जवान परत आले नाहीत. त्यांचा दिवस कुठल्या कॅलेंडरवर आहे? म्हणजे आपण दिवस पाळतो तो बऱ्याचदा जिंकण्याचा. मेलेला माणूस त्यात सोबत येतो.

आता खरं सांगायचं होतं त्यावर येतो.

माझ्या आजोळी जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी फरशी होती. इंग्रजीत कोरलेली. असल्या फरश्या साताऱ्यात आणि कोकणात बऱ्याच गावांत आहेत, पहिलं महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनी बसवलेल्या. मजकूर साधारण एकच. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बस्स. नाव एकाचंही नाही. माझ्या आजोबांचे एक चुलते त्या दुसऱ्या आकड्यात आहेत. घरात त्यांना 'बसऱ्याचे आण्णा' म्हणायचे. लहानपणी मला बसरा म्हणजे फक्त मोती माहीत, त्यामुळे हे आण्णा मोत्यांचा व्यापार करत असणार अशी माझी समजूत! त्यांच्या मागे राहिलेली बायको शेवटपर्यंत कुंकू लावायची म्हणे. प्रेत कोणी बघितलं नाही, मग पुसायचं कशाच्या आधारावर?

आण्णा बसऱ्याला कसे पोचले, हे मी बऱ्याच वर्षांनी वाचून काढलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये इंग्रजांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, फौज उतरवली. ती होती सहावी डिव्हिजन, तिचं नावच 'पूना डिव्हिजन'. त्यात मराठा पलटणी होत्या, १०३, ११०, ११७ अशा नंबरांच्या. बसरा पडलं, मग साहेबांची हाव वाढली. बगदाद घ्यायचं म्हणून जनरल टाउनशेंड नदीकाठाने वर सरकत गेला. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला मार खाऊन मागे फिरला आणि कुत-अल-अमारा या गावात अडकला. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. (७ डिसेंबर हाच आपला सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून पाळतात. निव्वळ योगायोग, पण दरवर्षी झेंड्याची टिकली खिशाला लावताना मला कुत आठवतं.)

वेढा जवळजवळ पाच महिने चालला. धान्य संपलं, मग घोडे कापायला काढले. आपले शिपाई घोड्याचं मांस खाईनात. शेवटी इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'खाल्लं तर चालेल' असे निरोप मागवले. तरी अनेकांनी नाही खाल्लं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली, त्यातली बहुतेक हिंदी. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं, त्यात आणि नंतरच्या छावण्यांत माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. आणि टाउनशेंड? तो कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगल्यात आरामात राहिला. कैदेत असतानाच त्याला 'सर' केलं.

आण्णा कुतमध्ये मेले की वाटेत की नंतर तापाने, आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये.

युद्ध चालू असतानाच इंग्रजांनी थडग्यांसाठी आयोग नेमला होता. त्याचं तत्त्व फार सुंदर: मेल्यावर सगळे सारखे. जनरल असो की शिपाई, दगड सारखाच. फ्रान्समध्ये न्यूव्ह-शापेलला १९२७ साली हिंदी सैनिकांचं स्मारक झालं, तिथे ४,७०० च्या वर नावं कोरली आहेत, साध्या शिपायांचीसुद्धा. पण दोन वर्षांनी, १९२९ साली, बसऱ्याचं स्मारक झालं तेव्हा मेसोपोटेमियातल्या ४० हजारांवर मृतांची नोंद करताना गोऱ्यांची नावं आली, हिंदी अधिकाऱ्यांची आली. हिंदी शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि खाली आकडा. फ्रान्समध्ये गोरी माणसं येऊन बघणार होती. बसऱ्याला कोण बघायला जातंय! हा माझा अंदाज, पण दुसरं कारण मला सुचत नाही. २०२१ साली त्याच आयोगाने स्वतः चौकशी करून कबूल केलं की आशिया-आफ्रिकेतल्या ४५ ते ५४ हजार मृतांना असमान वागणूक दिली, आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावानिशी नोंदच झाली नाही. माफीही मागितली. शंभर वर्षांनी.

आता एक गोष्ट सांगतो, ती नीट वाचा, लगेच भांडायला येऊ नका. कोरेगाव, म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं नव्हे, भीमा नदीकाठचं. तिथला जयस्तंभ १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. तोही परक्या कंपनी सरकारनेच बांधला. पण त्यावर मेलेल्या साध्या शिपायांची नावं आहेत. ४९ नावं, त्यातली २२ 'नाक' शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. लोकांना त्यावर आपली माणसं वाचता आली म्हणून तो बदलला. तिथे नुसता आकडा असता तर काय वाचलं असतं? आणि पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये उभी केलेली महारांची पलटण १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

आजोळची मंडळी कधीकधी विचारतात, "आरं, तू पत्रकार हायस, आमच्या आण्णाचा दिस कंचा त्ये सांग की." काय सांगू? ११ नोव्हेंबर हा इंग्रजांचा. १५ ऑगस्टला त्यांना बसवावं तर ते ज्यांच्यासाठी लढले त्यांनाच आपण हाकललं. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांवर नावं आहेत, पण त्या युद्धात ७४ हजार हिंदी सैनिक गेले. तिथे १९७२ पासून अमर जवान ज्योत होती, ती जानेवारी २०२२ मध्ये नव्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेऊन मिसळली. नव्या स्मारकावर स्वातंत्र्यानंतरची नावं आहेत, २५ हजारांच्या वर, आणि ते फार चांगलं काम झालंय. पण ज्योत हलवताना सांगितलं गेलं की इंडिया गेट ही वसाहतीच्या काळाची खूण. बरोबर आहे. ते वाचताना मला आण्णाच आठवले. खूण वसाहतीची, पण माणूस आमच्या माणदेशी उंबऱ्यातून गेलेला.

गुलामीसाठी लढला असं म्हणून मोकळं होता येत नाही. १९१८ साली खुद्द टिळक तरुणांनी सैन्यात जावं या बाजूचे होते, फक्त बदल्यात स्वराज्याचा शब्द आणि अधिकारपदं मागत होते. त्या जूनमध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डनने त्यांना मध्येच अडवलं तेव्हा ते उठून बाहेर पडले. गांधीजी खेड्यात, म्हणजे गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, गावोगाव भरतीसाठी फिरत होते. एवढ्या मोठ्या माणसांना जो गुंता सुटला नाही तो ११ रुपयांवर गेलेल्या, पाऊस न पडणाऱ्या गावच्या पोराने सोडवायला हवा होता का? आणि अभिमान वाटतो का म्हणाल, तर वाटतो. त्याच वेळी रागही येतो. या दोन्ही गोष्टी एकदम मनात असताना हारतुरे घेऊन उभं राहायचं कसं, हे मला आजवर जमलेलं नाही.

मागच्या महिन्यात आजोळी गेलो होतो. चावडी पाडून नवी इमारत झालीय, छान झालीय. ती फरशी मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवलेली. आधीच प्रत्येक १५ ऑगस्टला भिंतीबरोबर तिलाही रंग फासला जायचा. नखाने खरवडून बघितलं. 'गेले' चा आकडा लागला. 'मेले' चा रंगात बुजलाय, कितीही खरवडला तरी वाचता येईना. सरपंच म्हणाले, दादा, बसवू की पुढच्या २६ जानेवारीला, पण वर नावं लिहायची झाली तर आणायची कुठून?

तेच काम हातात घेतलंय. गावातल्या घराघरांतून विचारतोय. आत्तापर्यंत तीन नावं मिळाली, त्यातलं एक आण्णांचं. ते नाव इथे लिहीत नाही, आधी दगडावर लिहू.

तुमच्या गावात अशी फरशी असेल तर फोटो काढून कमेंटमध्ये टाका. घरात कोणी 'बसऱ्याला गेलेला' म्हणून ऐकलं असेल तर म्हाताऱ्यांना आजच विचारा, ती पिढी आता फार उरली नाही. जुनी पेन्शनची कागदं, पदक, काहीही चालेल. पदकाच्या कडेवर बघा, नंबर आणि नाव कोरलेलं असतं.

आणि फरशी पुसायची असेल तर साध्या पाण्याने पुसा. ऑइलपेंट लावू नका.