विसरण्याची गोळी आणि गोवारींचा नोव्हेंबर

वर्धा रोडने मिहानकडे निघालात, की नवे नागपूर दिसू लागते. विमानतळ, आयटी कंपन्या आणि आता एम्ससारखे मोठे रुग्णालय. जुन्या नागपूरची एक खूण मात्र मागे सीताबर्डीत राहते. तिथल्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव आहे.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन सुरू होते. गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. अनुसूचित जमातींच्या यादीत नोंद होती 'गोंड-गोवारी'. मधल्या त्या रेघेने सवलती अडवल्या, ही त्यांची तक्रार. पोलिसांनी मोर्चा अडवला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यांत बायका आणि मुलेच अधिक.

असे काही डोळ्यांदेखत पाहिलेल्याला ती आठवण औषधाने बोथट करून दिली तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचे जुने औषध. भीतीच्या क्षणी शरीरात उसळणारे ॲड्रेनॅलीन आठवण पक्की करते. हे औषध त्याचा जोर कमी करते. २००२ साली अमेरिकेत रॉजर पिटमन यांनी अपघातासारख्या प्रसंगांतून आलेल्या रुग्णांना ते काही तासांच्या आत देऊन पाहिले. त्याआधी २००० साली करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले होते, की जागी झालेली आठवण पुन्हा कच्ची होते आणि त्या वेळी तिला धक्का देता येतो. वृत्तपत्रांनी लगेच 'विसरण्याची गोळी' असे नाव देऊन टाकले. खरे तर पिटमन यांच्या रुग्णांना काय घडले ते आठवतच होते. आशा होती ती फक्त त्यातला थरकाप उतरण्याची. पुढच्या चाचण्यांचे निष्कर्षही एकसारखे आले नाहीत.

रात्री दचकून उठणाऱ्या बाईला झोप मिळावी, याला माझा विरोध कसा असेल? उपचार हवेतच. पण दुखणे नेमके कुठे आहे, हे गोळीला कळत नाही. २००३ साली अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती परिषदेलाही हीच काळजी वाटली होती: साक्षीदाराची आठवण मऊ केली, तर साक्षीचे काय? आपल्याकडे दाणी आयोगाने चौकशी केली आणि कोणालाच दोषी धरले नाही. मग त्या दिवसाचा पुरावा उरला कुठे? ज्यांच्या अंगावरून ती गर्दी गेली, त्यांच्यापाशीच.

गोवारींनी आठवण पुसली नाही, मांडली. दर वर्षी २३ नोव्हेंबरला झिरो माईलजवळच्या स्मारकापाशी गावोगावची माणसे जमतात. २०१८ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचा दावा मान्य केला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतरच्या नोव्हेंबरातही माणसे आलीच.