सायक्स, सर फ्रेडरिक ह्यू
सायक्स, सर फ्रेडरिक ह्यू : (२३ जुलै १८७७–३० सप्टेंबर १९५४). ब्रिटिश सैनिकी वैमानिक, हवाई दलाचा सेनानी व मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. जन्म इंग्लंडमधील क्रॉयडन येथे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात तो जखमी झाला. १९०१ मध्ये त्याला घोडदळात अधिकारपद मिळाले. क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजात त्याने लष्करी शिक्षण घेतले. १९११ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर पुढील वर्षी नव्या ‘रॉयल फ्लाइंग कोअर’च्या सैनिकी शाखेचे आधिपत्य त्याच्याकडे आले. युद्धापूर्वी या शाखेची उभारणी त्यानेच केली.

पहिल्या महायुद्धात त्याने प्रथम फ्रान्समध्ये व नंतर गॅलिपोली मोहिमेत हवाई दलाचे काम पाहिले. एप्रिल १९१८ मध्ये ट्रेंचर्डनंतर तो हवाई दलप्रमुख झाला. शांतताकाळातही मोठे साम्राज्यव्यापी हवाई दल ठेवण्याची त्याची योजना खर्चिक ठरून १९१९ मध्ये ते पद पुन्हा ट्रेंचर्डकडे गेले. त्यानंतर १९२२ पर्यंत तो नागरी विमान वाहतुकीचा प्रमुख होता.

डिसेंबर १९२८ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकीर्दीच्या आरंभी कल्याण–पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. कल्याणच्या रेल्वे-इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय. १९३२ मध्ये कराची–मुंबई हवाई टपाल सुरू झाले.

तथापि त्याच्या कारकीर्दीचा कस लागला तो सविनय कायदेभंगाच्या चळवळीत. मे १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाली. सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला व तेथील चार जणांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. त्याच वर्षी तो रजेवर असताना हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर पुण्यात गोळ्या झाडण्यात आल्या. दडपशाहीने चळवळ तात्पुरती दबली, पण तिला असलेला लोकांचा पाठिंबा मावळला नाही. १९३३ मध्ये त्याने ग्रामसुधारणेची योजना सुरू केली व डिसेंबरात तो निवृत्त झाला.

पुढे १९४०–४५ या काळात तो ब्रिटिश संसदेचा सदस्य होता. फ्रॉम मेनी अँगल्स (१९४२) हे त्याचे आत्मचरित्र. तो लंडन येथे मरण पावला. हवाई दलाची उभारणी करणारा कुशल संघटक म्हणून त्याला इतिहासात स्थान आहे. मुंबई इलाख्यात मात्र त्याचे नाव दडपशाहीच्या पर्वाशीच निगडित राहिले.