जहाजावरचा जेवणाचा कोट: क्रूझवरील ‘फॉर्मल नाइट’ आली कुठून?

क्रूझचे तिकीट काढले की सोबतच्या सूचनांत अनेकदा एक ओळ आढळते: अमुक रात्री ‘फॉर्मल नाइट’. पुरुषांनी सूट किंवा डिनर जॅकेट घालावे, स्त्रियांनी लांब गाऊन. सुट्टीसाठी निघालेल्या माणसाने जेवायला गणवेश का चढवावा? उत्तर शोधताना अटलांटिकवरील सुप्रसिद्ध जहाजांकडेच सर्वांचे लक्ष जाते. मुंबईहून विलायतेला जाणारी आगबोट मात्र याच प्रश्नाबद्दल अधिक मोकळेपणाने बोलते.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई–लंडन प्रवास काही आठवड्यांवर आला. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर पहिल्या वर्गात मुख्यतः गोरे मुलकी अधिकारी, लष्करी अधिकारी आणि त्यांची कुटुंबे असत. विलायतेतील प्रतिष्ठित घरांत रात्रीच्या जेवणासाठी कपडे बदलण्याची रीत होती. ती समुद्रावरही पाळली जाई. येथे लेखी नियमापेक्षा शेजारच्या खुर्चीवरील नजरेचा धाक मोठा होता.

हा पोशाख एकसारखा राहिला नाही. आरंभी लांब शेपटांचा कोट होता. लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांच्या पेढीने १८६५ मध्ये युवराज एडवर्ड यांच्यासाठी शिवलेला आखूड कोट हा डिनर जॅकेटचा पूर्वज मानला जातो. तांबड्या समुद्रातील उकाड्यात, वातानुकूलनाची सोय नसताना, जाकिटावर कोट चढवणे म्हणजे शिक्षाच. हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जाकिटाऐवजी आपला कमरबंद उचलला. आज जगभर ‘कमरबंड’ म्हणून विकला जाणारा रेशमी पट्टा तोच. साहेबी पोशाखाच्या ऐन मध्यभागी आपल्याकडचा शब्द बसला आहे, हे अनेक साहेबांच्या गावीही नसते.

आता सामानाची गोष्ट. केबिन लहान आणि पेटारे अवजड. म्हणून पेटाऱ्यांवर चिठ्ठ्या लागत: ‘प्रवासात हवे’ आणि ‘प्रवासात नको’. पहिल्या रात्री सामान उलगडलेले नसे, शेवटच्या रात्री ते बांधून ठेवलेले असे. त्यामुळे या दोन रात्री जेवणासाठी कपडे न बदलण्याचा संकेत रूढ झाला. आजही क्रूझच्या पहिल्या रात्री सहसा फॉर्मल नाइट नसते, त्यामागे हेच जुने पेटारे आहेत. (जाता जाता: ‘पॉश’ हा शब्द पी अँड ओच्या तिकिटांवरील आद्याक्षरांतून आला, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कोशकारांना तिला एकही विश्वसनीय पुरावा सापडलेला नाही.)

४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ नावाची बोट मुंबईहून निघाली. तिच्यावर मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरण्याच्या दिवसासाठी जपून ठेवला. काटे-चमचे वापरता येत नव्हते, आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचे धाडस होईना. परिणामी हा मुलगा जेवणाच्या दालनात गेलाच नाही. घरून आणलेली मिठाई आणि फळे त्याने केबिनमध्ये बसून खाल्ली. सप्टेंबरअखेरीस साउदॅम्प्टनला उतरल्यावर पाहतो तो काय, पांढऱ्या कपड्यांत तो एकटाच! सामान एजंटाच्या ताब्यात, दुसरा दिवस रविवारचा. त्यामुळे ओशाळलेपण लांबले. पुढे लंडनमध्ये त्याने दहा पौंड खर्चून बाँड स्ट्रीटवर संध्याकाळचा सूट शिवून घेतला. हे सारे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे.

त्या दालनात हिंदी माणसे मात्र रोज वावरत असत, खुर्च्यांच्या मागे उभी. पी अँड ओच्या बोटींवर वाढपी आणि स्वयंपाकी बहुधा गोव्याचे ख्रिस्ती असत. गोमांस, डुकराचे मांस आणि मद्य हाताळण्यास त्यांना धर्माची आडकाठी नव्हती. गोव्यात ज्यांना ‘तारवटी’ म्हणतात, तेच हे लोक. दोन सफरींच्या मध्ये ते मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडीत’, म्हणजे सामाईक वसतिगृहात, राहत. कोणत्या साहेबाचा कोट कोणत्या रात्री कसा होता, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? जेवणाच्या पोशाखाच्या इतिहासात त्यांच्या इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशाला जागा मिळत नाही, हे मला खटकते.

२९ ऑगस्ट १९३१ रोजी तेच गांधी गोलमेज परिषदेसाठी पी अँड ओच्याच ‘राजपुताना’ बोटीवर चढले. तिकीट दुसऱ्या वर्गाचे, अंगावर १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारलेला पंचा. सायंप्रार्थना डेकवर होई. सोबत्यांनी आणलेले सामान पाहून ते संतापले आणि अनावश्यक पेट्या एडनहून परत पाठवायला लावल्या. ‘प्रवासात नको’ या चिठ्ठीचा इतका शब्दशः अर्थ दुसऱ्या कोणा प्रवाशाने घेतला नसेल!

त्याच दशकात अटलांटिकवर हा थाट शिगेला पोहोचला. १९३५ च्या ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच जहाजाचे भोजनदालन सुमारे ९३ मीटर लांब होते, व्हर्सायच्या आरसेमहालाहूनही लांब. परंतु १९५८ मध्ये जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि जहाजाने प्रवास करण्याची गरजच उरली नाही. कंपन्या सहलींकडे वळल्या. वर्गावर्गांमधल्या भिंती बऱ्याच अंशी पडल्या, एकाच दालनात सगळे जेवू लागले. कोट मात्र राहिला; आता ती आठवड्यातून एक-दोन रात्री मिळणारी हौस झाली.

२००० मध्ये नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ही सक्तीही काढून टाकली. क्युनार्ड अजूनही ‘गाला’ रात्री पाळते. त्या रात्री साध्या कपड्यांतल्या प्रवाशासाठी बुफे आणि ठरावीक एक-दोन जागा मोकळ्या असतात. त्याही नकोशा वाटल्यास जेवण केबिनमध्ये मागवता येते.